संत एकनाथ : हसता हसता देव दाखवणारे नाथ

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



फाल्गुन वद्य षष्ठी म्हणजे नाथषष्ठी. त्या निमित्ताने आज नाथमहाराजांचं थोडं स्मरण करूया.

नाथांचा जन्म १६व्या शतकातला, गोदाकाठच्या पैठणचा. आईवडील लहानपणीच गेले, आजी-आजोबांनी वाढवलं. गुरूची ओढ अशी की कोवळ्या वयातच घर सोडून ते देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले. स्वामी किल्ल्यावरचे अधिकारी आणि दत्तभक्त. त्यांनी नाथांना लगेच समाधी-ध्यान शिकवलं नाही बरं का, हिशोबाच्या वह्या दिल्या! एकदा एका पैचा मेळ लागेना. रात्रभर दिव्यापाशी बसून चूक सापडली तेव्हा नाथांनी आनंदाने टाळी वाजवली, अशी कथा सांगतात. स्वामींनी तिथेच शिकवण दिली, की पैची चूक सापडल्यावर एवढा आनंद, तर संसाराची चूक सापडल्यावर केवढा होईल! वहीतूनच परमार्थ दाखवला.

गुरूंचा हा धडा नाथांनी पुढे आयुष्यभर लोकांना वाटला. गुर्वाज्ञेने ते पैठणला परतले, गिरिजाबाईंशी संसार थाटला. भागवताच्या ११व्या स्कंधावरची मराठी टीका त्यांनी १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. पण ज्याला अक्षर येत नाही, ज्या बाईला दळण-कांडणातून मान वर करायला वेळ नाही, तिने काय करायचं? तिच्यासाठी नाथांनी भारुडं लिहिली. वासुदेव, जोशी, गोंधळी, फुगडी, हुतूतू, जे रोज दारात आणि अंगणात दिसतं तेच घेतलं. विंचू चावल्याचा आरडाओरडा ऐकून आपण हसतो, मग कळतं की हा विंचू काम-क्रोधाचा आहे आणि उतारा सत्त्वगुणाचा.

इथे माझं एक सांगते. सासूबाई तीन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. सत्संगाला जाणं बंद झालं. हात सेवा करत होते, पण मनात चिडचिड, की माझा परमार्थ बुडाला. अशात नाथषष्ठीला शेजारच्या देवळात तासभर जायला मिळालं. तिथे भवानीला रोडगा बोलणाऱ्या सुनेचं भारूड चाललं होतं. सासू, सासरा, नणंद, नवरा, एकेकाला दूर कर आणि मला एकटीला राहू दे, असं ती देवीला सांगते. सगळ्या बायका खळखळून हसल्या, मीही हसले. आणि एकदम डोळ्यांत पाणी आलं. हेच तर मी मनात मागत होते! मग कीर्तनकारांनी उलगडून सांगितलं, की ही नाती म्हणजे आपल्याच आतले विकार, ते गेले की जीव मोकळा होतो. घरातलं माणूस घालवायचं नसतं. त्या रात्री सासूबाईंना कूस बदलून देताना प्रथमच हात जड वाटले नाहीत. चिडचिड एका दिवसात गेली नाही, पण विंचू कुठे बसलाय ते कळलं. माझी पैची चूक मला सापडली.

नाथांनी नुसतं सांगितलं नाही, तसं ते जगले. उन्हाने तापलेल्या वाळूत रडणारं दलिताचं मूल त्यांनी कडेवर उचललं. रामेश्वरासाठी आणलेली काशीची गंगा तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, अशी कथा आहे. त्यांना पंडितांचा रोष पत्करावा लागला, पोटच्या मुलाचा, हरिपंडितांचाही प्राकृताला विरोध होता. नाथ चिडले नाहीत. आणि आपल्या नावापुढे गुरूंचं नाव जोडल्याशिवाय त्यांनी रचना पुरी केली नाही.

१५९९ च्या नाथषष्ठीला त्यांनी गोदावरीत देह ठेवला. त्यांच्या गुरूंची पुण्यतिथीही हीच.

ज्या भगिनींना घरच्या व्यापामुळे केंद्रात येणं जमत नाही, त्यांनी मन खट्टू करू नये. हातातल्या कामातच नाम घ्यावं, आणि आज रात्री दिवसाचा हिशोब एकदा तपासावा. कुठेतरी आपली पै सापडेलच.

सद्गुरुचरणार्पणमस्तु 🙏
— एक सेवेकरी भगिनी, इंदूर