आशीर्वादाचे उपासक संत बेनेडिक्ट

लॅटिन भाषेंत बेनेडिक्ट या नांवाचा अर्थ आशीर्वादित असा आहे. हें नांव ज्यांनीं सार्थ केलें, त्या संत मठाधिपतींचें अल्प चरित्र ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आम्ही आपल्या धर्मग्रामांतील बंधुभगिनींपुढें ठेवीत आहों.

इ. स. ४८० च्या सुमारास इटलींतील नर्सिया येथें त्यांचा जन्म झाला. विद्याभ्यासासाठीं ते रोमला गेले. परंतु तेथील स्वैराचार पाहून त्यांनीं तें नगर सोडलें व सुबियाको येथील एका गुहेंत तीन वर्षें एकांतवास केला. रोमानुस नांवाचा एक संन्यासी आपल्या वांट्याची भाकर वांचवून दोरानें त्यांच्याकडे सोडीत असे.

पुढें एका मठांतील संन्याशांनीं आग्रहानें त्यांस आपले प्रमुख केलें. मात्र त्यांची शिस्त त्या संन्याशांस सोसेना, तेव्हां त्यांनीं द्राक्षारसांत विष कालविलें. पात्र पुढें येतांच बेनेडिक्ट यांनीं रीतीप्रमाणें क्रूसाची खूण करून आशीर्वाद दिला. त्यासरशीं तें पात्र दगड लागल्यासारखें फुटलें, असें पोप संत महान ग्रेगरी यांनीं लिहून ठेविलें आहे. बेनेडिक्ट शांतपणें उठले, त्या अपराध्यांसाठीं त्यांनीं देवाची दया मागितली व ते सुबियाकोस परतले. पात्र फुटलें या चमत्कारापेक्षां ही क्षमाच आम्हांस मोठी वाटते.

इ. स. ५२९ च्या सुमारास त्यांनीं मोंते कास्सिनो येथें मठ स्थापिला व ७३ प्रकरणांची नियमावली लिहिली. तींत आशीर्वाद केवळ वेदीपाशीं राहत नाहीं. आठवड्याची स्वैपाकाची पाळी घेणारा बंधु आशीर्वाद घेऊन कामास लागतो; भोजनसमयीं वाचन करणाराहि तसेंच करतो; धाकटा वडिलांस भेटतांच त्यांचा आशीर्वाद मागतो; आणि दारीं गरीबानें हांक दिली, तर द्वारपाल देवाचे आभार मानतो किंवा त्या गरीबापाशींच आशीर्वाद मागतो.

इ. स. ५४७ च्या सुमारास ख्रिस्तप्रसाद घेऊन, शिष्यांच्या आधारानें उभे राहून प्रार्थना करीत असतां त्यांनीं देह ठेविला. १९४४ सालीं बाँबवर्षावांत तो मठ धुळीस मिळाला. तो पुन्हा उभारल्यावर १९६४ सालीं पोप सहावे पॉल यांनीं त्याचें पवित्रीकरण केलें व या संतांस युरोपचे आश्रयदाते म्हणून घोषित केलें.

प्रिय बंधुभगिनींनो, सायंकाळच्या जपमाळेनंतर मुलांनीं वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद घ्यावा, ही आपली जुनी रीत अनेक घरांत क्षीण होत आहे. ती पुन्हा सुरू व्हावी, आणि ज्या भावाभावांत अबोला आहे त्यांनीं आधीं एकमेकांस क्षमा करून मग आशीर्वादासाठीं मस्तक नमवावें, अशी संत बेनेडिक्ट यांच्या मध्यस्थीनें प्रभुचरणीं आमची प्रार्थना आहे.