डॉक्टर एडवर्ड जेन्नर

तुळजापुराकडील मंडळ्यांत वृद्ध बंधुभगिनींच्या दंडावर वाटोळा वण दिसतो. तो देवी काढल्याचा वण होय. ज्या गृहस्थांनीं ही टोचणी प्रचारांत आणिली त्यांचें वृत्त आमच्या शिक्षकांस व आईबापांस ठाऊक असावें, म्हणून येथें देतों.

जेन्नर साहेब इ. स. १७४९ मध्यें इंग्लंडांतील बर्कली गांवीं एका पाळकाच्या घरीं जन्मले. पांचव्या वर्षींच ते पोरके झाले. त्या काळीं देवींनीं तान्हीं मुलें घरोघर दगावत. वांचलेल्यांपैकीं कित्येक आंधळीं होत. आपल्याकडे रोगाचें नांवच देवी पडल्यामुळें तो कोप समजून पुष्कळ लोक उपाय करण्यास भीत. परंतु त्यांस कोणी हंसूं नये. टोचण्याच्या जुन्या रीतीविरुद्ध १७२२ सालीं लंडनांत एका ख्रिस्ती उपदेशकानेंही उपदेश केला होता.

गाईच्या सडांवर फोड येत, ते दूध काढणाऱ्या मुलींच्या हातांस लागत, आणि अशा मुलींस पुढें देवी येत नाहींत, अशी खेड्यांतील समजूत होती. साहेबांनीं ती थट्टेवारी नेली नाहीं. एकेका माणसास विचारून टिपून ठेविलें. ता. १४ मे १७९६ रोजीं सारा नेल्म्स नामक गवळणीच्या हातावरील लस त्यांनीं जेम्स फिप्स ह्या आठ वर्षांच्या मुलास टोचिली. जुलईंत त्यास खऱ्या देवींची लस टोचून पाहिली, तरी रोग झाला नाहीं. गरीब माळ्याच्या मुलावर असा प्रयोग आज कोणी मान्य करणार नाहीं, व आम्हीही करीत नाहीं. १७९८ सालीं त्यांनीं स्वखर्चानें पुस्तक छापिलें, आणि बागेंतील झोपडींत गरिबांच्या मुलांस ते फुकट टोचीत.

बगदाद व बसरा ह्या मार्गें लस मुंबईस आली. ता. १४ जून १८०२ रोजीं आना डस्टहॉल ह्या तीन वर्षांच्या मुलीस ती लागू पडली, व तेथून एका बालकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी देशांत पसरली. साहेब १८२३ सालीं वारले.

नुसत्या टोचण्यानें मात्र रोग हटला नाहीं. इ. स. १९७३ पासून कामगार देवी आलेल्या मुलाचें चित्र घेऊन घरोघर फिरले. रोगी सांपडला कीं दारीं पहारा बसे व आसपासच्या सर्वांस टोचीत. मे १९७५ नंतर भारतांत रोगी आढळला नाहीं. १९८० सालीं जगांतून देवी गेल्याचें जाहीर झालें.

गोवर अद्यापि आहे. त्याची पहिली लस नवव्या महिन्यानंतर व दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत सरकारी दवाखान्यांत फुकट मिळते. ताप व पुरळ आलेलें मूल मंडळींत दिसल्यास शिक्षकानें त्याच दिवशीं गांवच्या आशाताईंस कळवावें.