मार्क ट्वेनच्या बहिणीची नात, जिने एका अनाथ मुलीच्या गमतीदार पत्रांनी जगाला हसवलं!

मंडळी, कथेतली अनाथ मुलगी म्हटलं की काय आठवतं? डोळ्यांत पाणी, अंगावर जुने कपडे आणि सतत सोसणं. पण १९१२ साली वाचकांना एक वेगळीच अनाथ मुलगी भेटली. चुणचुणीत, फटकळ आणि स्वतःच्याच फजितीवर हसणारी. तिचं नाव जूडी अ‍ॅबट, कादंबरी 'डॅडी लाँग लेग्ज' आणि लेखिका जीन वेबस्टर.

जीनचा जन्म २४ जुलै १८७६ रोजी अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात झाला. खरं नाव अ‍ॅलिस. शाळेत खोलीतली मैत्रीणही अ‍ॅलिसच निघाली, म्हणून हिने 'जीन' हे नाव घेतलं. तिची आई प्रसिद्ध लेखक मार्क ट्वेन यांची भाची. वडील चार्ल्स वेबस्टर हे ट्वेन यांच्या प्रकाशन कंपनीचे प्रमुख. 'हकलबरी फिन' अमेरिकेत याच कंपनीने छापलं. पुढे मात्र दोघांचं बिनसलं, वडिलांना कंपनी सोडावी लागली आणि १८९१ मध्ये त्यांचं निधन झालं. तेव्हा जीन जेमतेम १४-१५ वर्षांची होती.

पुढे ती व्हॅसार या मुलींच्या नामांकित कॉलेजात शिकली आणि १९०१ मध्ये पदवीधर झाली. इंग्रजीसोबत अर्थशास्त्रही शिकत असल्याने अनाथ आणि गरीब मुलांच्या संस्था तिला जवळून पाहायला मिळाल्या. तिथे तिला एक गोष्ट पटली: ही मुलं कमी नसतात, त्यांना संधी मिळत नाही.

'डॅडी लाँग लेग्ज'मध्ये तिने हेच सांगितलं, पण भाषण न देता! जूडीचं आडनाव टेलिफोन डिरेक्टरीतून आणि नाव थडग्यावरून उचललेलं. एक अनोळखी विश्वस्त तिला कॉलेजला पाठवतो. अट एकच, दर महिन्याला पत्र लिहायचं. उत्तर येणार नाही! जूडीने त्याची फक्त लांब पायांची सावली पाहिलेली असते. कॉलेजात मायकेलअँजेलो म्हणजे कोणी देवदूत असेल असं समजून ती स्वतःचं हसू करून घेते आणि तेही पत्रात मजेत कळवते. पत्रांमधली गमतीदार चित्रंही जीननेच काढली होती.

१९१४ मध्ये या कादंबरीचं नाटक गाजलं. त्या निमित्ताने जूडीच्या बाहुल्या विकून अनाथ मुलांना दत्तक घर मिळवून देण्यासाठी पैसे उभे करण्यात आले. १९१५ मध्ये पुढचा भाग 'डिअर एनिमी' आला. त्यात अनाथाश्रम कसा सुधारावा हेच कथानक आहे. मात्र त्यातले आनुवंशिकतेबद्दलचे काही विचार आज खटकतात, हेही खरं.

त्याच वर्षी जीनचं लग्न झालं. १० जून १९१६ च्या रात्री तिला मुलगी झाली आणि काही तासांतच, ११ जूनला, जीनचा मृत्यू झाला. वय अवघं ३९. आईविना राहिलेल्या त्या बाळाचं नावही जीनच ठेवलं गेलं.

जीन स्त्रियांच्या मतदानाच्या हक्काची समर्थक होती. न्यूयॉर्क राज्यात तो हक्क मिळाला १९१७ मध्ये, ती गेल्यानंतर वर्षभराने.

जूडी मात्र अजून हसवते आहे. तिच्यावर हॉलिवूडचे सिनेमे आले, १९९० मध्ये जपानी कार्टून मालिकाही आली.

तुम्ही वाचली आहे का ही कादंबरी? नसेल तर घरातल्या कॉलेजवयीन मुलीसोबत नक्की वाचा!