साठीनंतर पहिला अल्बम, नव्वदीत ग्रॅमी: घरकाम करणाऱ्या एलिझाबेथ कॉटन यांची गोष्ट

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात १८९३ साली जन्मलेल्या एलिझाबेथ कॉटन डावखुऱ्या होत्या. उजव्या हाताची गिटार त्या सरळ उलटी धरायच्या. जाड तारा बोटांनी छेडायच्या आणि चाल अंगठ्याने वाजवायच्या. 'फ्रेट ट्रेन' हे गाणं त्यांनी ११-१२ वर्षांच्या असतानाच रचलं. पुढे संसार आला, चर्चमधल्या लोकांनी असली गाणी सोडायला सांगितली आणि गिटार सुटली ती कित्येक वर्षं.

वॉशिंग्टनच्या एका मोठ्या दुकानात नोकरी करताना त्यांनी एक हरवलेली मुलगी आईपाशी पोचवली. ती होती पेगी सीगर. हे घर संगीतकारांचं. तिथेच त्या कामाला लागल्या आणि भिंतीवरची गिटार पुन्हा हातात आली! पेगीचा भाऊ माइक याने त्यांचं गाणं रेकॉर्ड केलं आणि १९५८ साली पहिला अल्बम निघाला.

पण १९५७ मध्येच 'फ्रेट ट्रेन' ब्रिटनमध्ये गाजलं होतं, तेही भलत्यांच्या नावावर. आपल्याच गाण्यावर हक्क मिळवायला कॉटन यांना सीगर कुटुंबाची मदत घ्यावी लागली.

नवी गाणी मात्र थांबली नाहीत. 'शेक शुगरी' तर पतवंडांना सोबत घेऊन रचलं आणि रेकॉर्डवर ते गायलं १२ वर्षांच्या पणतीने. १९८५ साली ग्रॅमी मिळालं तेव्हा कॉटन ९२ वर्षांच्या होत्या. दोन वर्षांनी त्यांचं निधन झालं.