लाइपझिगचा पुतळा : एका रात्रीत हटवलेले मेंडेल्सझोन

चर्चमधल्या लग्नात नवरा-नवरी बाहेर पडताना वाजणारी ती धून आपण निदान सिनेमात तरी ऐकलेली असते. शेक्सपिअरच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकासाठी ती रचली फेलिक्स मेंडेल्सझोन यांनी. आम्हाला मात्र त्यांच्या पुतळ्याची हकीकत सांगायची आहे.

जन्म ३ फेब्रुवारी १८०९, हॅम्बर्ग. आजोबा मोझेस मेंडेल्सझोन हे नामांकित यहुदी तत्त्वज्ञ, वडील बँकर. वडिलांनी १८१६ मध्ये मुलांचा बाप्तिस्मा करवला, पुढे आडनावाला बार्थोल्डी जोडलं. पोरांना कुणी परकं म्हणू नये, एवढाच हिशेब.

पोरगा हुशार निघाला. विसाव्या वर्षी, १८२९ मध्ये, त्यांनी बर्लिनमध्ये बाखची ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ ही जवळजवळ विसरलेली रचना पुन्हा सादर केली. बाखचं नाव पुन्हा लोकांच्या तोंडी येण्यात या मैफलीचा मोठा वाटा आहे. १८३५ पासून ते लाइपझिगच्या गेवांडहाउस वाद्यवृंदाचे प्रमुख. १८४३ मध्ये त्यांनी तिथं संगीत विद्यालय काढलं आणि त्याच वर्षी, स्वतः मैफली करून जमवलेल्या पैशांतून, सेंट थॉमस चर्चजवळ बाखचं स्मारक उभं केलं. मे १८४७ मध्ये बहीण फॅनी गेली. ती स्वतःही उत्तम संगीतकार होती. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला यांचाही इन्तेकाल झाला. वय अवघं ३८.

तीनच वर्षांनी वाग्नर यांनी टोपणनावानं लेख लिहून यहुदी संगीतकारांना कमी लेखलं. शहरानं तेव्हा ते मनावर घेतलं नाही. १८९२ मध्ये गेवांडहाउससमोर वेर्नर श्टाइन यांनी घडवलेला कांस्य पुतळा उभा राहिला.

मग नाझी आले. बाप्तिस्मा झाला होता, जर्मन संगीताची इतकी खिदमत केली होती, पण त्यांना फक्त रक्त पाहायचं होतं. संगीतावर बंदी आली. त्या नाटकासाठी दुसऱ्यांकडून नवं संगीत करून घेतलं गेलं; कार्ल ओर्फ यांनीही ते रचून दिलं! महापौर कार्ल गोर्डेलर यांचा पुतळा हटवायला विरोध होता. ते परदेशी गेले, आणि ९ नोव्हेंबर १९३६ च्या रात्री उपमहापौर हाके यांच्या हुकमानं पुतळा उचलला गेला. गोर्डेलर यांनी परतल्यावर तो पुन्हा बसवायची मागणी केली. कुणी ऐकेना, तेव्हा त्यांनी पद सोडलं. गोर्डेलर काही आमच्या व्याख्येतले संत नव्हते, पण खुर्ची सोडणं प्रत्येकाला जमत नाही. पुढे हिटलरविरुद्धच्या कटात ते सामील झाले, आणि २ फेब्रुवारी १९४५ ला त्यांना मृत्युदंड देण्यात आला.

मूळ पुतळा परत आला नाही. २००८ मध्ये त्याची प्रतिकृती बसवली गेली, या वेळी सेंट थॉमस चर्चसमोर. मेंडेल्सझोन यांनी उभं केलेलं बाखचं स्मारक तिथून चार पावलांवर आहे. नाझींनी त्याला हात लावला नव्हता.