वर्ध्याचा मुलगा, मेक्सिकोचा मका

बारावी झाली की आपल्या सौंसरची मुले नागपूर, भोपाळ, पुण्याला शिकायला जातात. काही पुढे परदेशीही जातात. पहिले काही दिवस फोनवर आवाज जड होतो, मेसचा डबा गोड लागत नाही. अशा वेळी डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे आठवतात.

त्यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८४ चा, वर्ध्याचा. शिक्षण नागपूरला. लोकमान्य टिळकांच्या प्रभावाने क्रांतिकार्याकडे वळले आणि विशीतच देश सोडला. जपान, मग अमेरिका. तिथे शेतीशास्त्र शिकले आणि गदर चळवळीतही पडले. पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांशी लढले, पुढे बर्लिन गाठले. (आपल्याकडे वडिलांची बदली शेजारच्या तालुक्यात झाली तरी घरभर कुरकुर!) फोन तर नव्हताच, आणि इंग्रज राज्यात घरी परतायची वाटही बंद होती.

१९२४ मध्ये ते मेक्सिकोला गेले. भाषा स्पॅनिश, माणसे अनोळखी. पण माती ओळखीची! चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते शिकवू लागले. मक्याचा तिओसिंते नावाचा एक रानटी भाऊबंद आहे. त्याच्याशी मक्याचा संकर करून त्यांनी प्रयोग केले. गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर जे चित्र काढले, त्यात पंगतीला भाकर मोडून देणारा माणूस आपला हा वर्धेकर आहे. ज्या देशात पाहुणे म्हणून गेले, तिथे यजमानाच्या जागी बसले!

१९३६ मध्ये त्यांनी बेल्जियमच्या जान सिंदिक यांच्याशी विवाह केला. मुलीचे नाव मात्र सावित्री ठेवले. घराची ओढ कुठे लपते?

देश स्वतंत्र झाला, तरी त्यांना सहज येता आले नाही. इंग्रजांच्या काळातली बंदी कागदोपत्री तशीच होती, म्हणून परवानगी आधी नाकारली गेली. जन्मभर ज्या देशासाठी वणवण केली, त्याच्याच दारात अडवले जाणे किती लागले असेल! अखेर १९५५ च्या सुमारास ते नागपूरला स्थायिक झाले. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाचीच राजधानी होती, म्हणजे ते आपल्याच राज्यात परतले. आता परक्या गावात रुळण्याची पाळी पत्नीची व मुलींची होती.

२२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरातच त्यांचे निधन झाले. २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा उभारला गेला.