हृदयाची रेघ

मुलांनो, घरात कुणाची छाती दुखू लागली, तर दवाखान्यात आधी ई.सी.जी. काढतात. मग दवाखाना बारामतीचा असो की इंदापूरचा. नर्स अंगाला गार, चिकट मलम लावते, हातापायांना चिमटे बसवते आणि थोड्याच वेळात यंत्रातून वरखाली रेघांचा कागद बाहेर येतो. रुग्णाला लगेच दाखल करायचे की नाही, हे ठरवताना डॉक्टर तो कागद पाहतात. ही रेघ जगाला वाचायला शिकवणाऱ्या माणसाची माहिती आज आपण घेऊ.

विल्यम आइन्थोव्हन यांचा जन्म १८६० साली जावा बेटावरील सेमारांग या गावी झाला. तेव्हा तेथे डच लोकांचे राज्य होते; आज ते गाव इंडोनेशियात आहे. विल्यम सहा वर्षांचा असताना त्याचे डॉक्टर वडील वारले. १८७० साली आई सहा मुलांना घेऊन हॉलंडमधील उट्रेख्ट शहरी आली. तेथे विल्यमही डॉक्टरीचे शिक्षण घेऊ लागला. त्याला व्यायामाची फार आवड. एकदा पडून त्याचे मनगट मोडले. दुसरा कुणी कण्हत बसला असता. याने त्या निमित्ताने कोपराच्या सांध्याचाच अभ्यास केला! वयाच्या अवघ्या २५ व्या वर्षी तो लायडन विद्यापीठात प्राध्यापक झाला.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर शरीरात बारीकशी वीज खेळते. कातडीवर ती जेमतेम एक हजारांश व्होल्ट असते. टॉर्चच्या एका सेलमध्ये दीड व्होल्ट असतो, यावरून कल्पना करा. लंडनच्या वॉलर या शास्त्रज्ञाने १८८७ साली ही वीज माणसाच्या अंगावरून प्रथम नोंदवली. त्याचा जिमी नावाचा कुत्रा प्रयोगाच्या वेळी मिठाच्या पाण्यात पाय बुडवून मुकाट्याने उभा राही. पण वॉलरच्या यंत्रात पारा होता. पारा पडला जड, हृदयाची चाल चपळ. त्यामुळे रेघ बिघडे. आइन्थोव्हन यांनी कित्येक वर्षे किचकट गणिते करून ती सुधारली आणि १८९५ साली तिच्या लाटांना पी, क्यू, आर, एस, टी अशी नावे दिली. ती आजही चालतात.

शेवटी त्यांनी पारा सोडून नवेच यंत्र घडवले. वितळलेली गारगोटी बाणाला लावून बाण सोडला, की तिचा केसाहून कितीतरी बारीक धागा ओढला जातो. अशा धाग्याला चांदीचा मुलामा देऊन त्यांनी तो मोठ्या विद्युतचुंबकात ताणून बसवला. हृदयाची वीज आली की धागा हले आणि त्याची सावली सरकत्या फोटोच्या काचेवर उमटे. १९०३ पर्यंत यंत्र नीट चालू लागले. त्याचे वजन सुमारे २७० किलो होते, म्हणजे साखरेच्या ५० किलोंच्या पाच पोत्यांहून जास्त. ते चालवायला पाच माणसे लागत.

रुग्ण दोन हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसे. कातडीचा वरचा थर कोरडा असतो, तो वीज सहज जाऊ देत नाही. खारट पाणी तिला वाट करून देते. पुढे अडचण आली ती अंतराची. रुग्णालय दीड किलोमीटर दूर. यंत्र हलेना आणि आजारी माणसांना आणणे कठीण. तेव्हा १९०५ साली आइन्थोव्हन यांनी टेलिफोनच्या तारेवरून रुग्णांच्या हृदयाची वीजच प्रयोगशाळेत आणली!

१९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९२७ साली लायडन येथे त्यांचे निधन झाले.

आता ती भांडी गेली. काही मनगटी घड्याळांत आणि पट्ट्यांत ना पाणी लागते, ना मलम. धातूची कोरडी चकती कातडीला टेकते, बोटावरचा किंचित घाम पुरतो आणि आतले नाजूक यंत्र ती वीज वाढवून घेते. हात हलला तर मात्र रेघ बिघडते. शिवाय असे घड्याळ हृदयाची एकच बाजू पाहते. हृदयविकाराचा झटका त्यावर ओळखता येत नाही, म्हणून छातीत दुखले तर दवाखानाच गाठावा लागतो. डाव्या मनगटावर घड्याळ आणि त्याच्या कडेवर उजव्या हाताचे बोट, असे बसले की घड्याळात रेघ उमटते. डाव्या आणि उजव्या हातामधली ही तीच रेघ, जी लायडनमध्ये दोन भांड्यांत हात बुडवून काढली जात असे.